पहिल्या ओळीत काय लिहायचं?

रात्रीचे दहा वाजून गेले होते. स्वारगेटजवळच्या लॉजच्या खोलीत मी दशम्यांचा डबा, पाण्याची बाटली, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, आधारकार्ड असं सगळं टेबलावर ओळीनं मांडून ठेवत होते. लेक पलंगावर पालथी पडून शेवटची उजळणी करत होती. तारीख होती २२ जून २०२४. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ‘नीट पीजी’ होती. एमबीबीएस झालेल्या मुलामुलींना पुढं एमडी, एमएस करायचं, तर ही परीक्षा द्यावीच लागते. वर्षभर पोरीनं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. गणपती घाटावर दिवाळीत दिवे लावायला जायची तिची लहानपणापासूनची सवय, तेवढीसुद्धा मोडली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मग एकदम वाजतच राहिला. तिनं उठून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “आई, परीक्षा पुढं गेली.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. म्हटलं, “अगं, सकाळी नऊला पेपर आहे. आत्ता कुठं पुढं जाईल?” तिनं फोन माझ्यापुढं धरला. त्या महिन्यात बारावीनंतरच्या ‘नीट’मधल्या गैरप्रकारांच्या बातम्यांनी देश ढवळून निघाला होता. म्हणून खबरदारी म्हणून आरोग्य मंत्रालयानं पीजीची परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली होती. नवी तारीख नंतर कळवू, एवढंच. दोन लाखांहून जास्त डॉक्टर पोरंपोरी त्या रात्री देशभर अशाच कुठल्या कुठल्या लॉजवर, नातेवाइकांकडे, रेल्वेत बसलेली होती.

ती रडली नाही. मीच रडले. ती म्हणाली, “दशमी दे. भूक लागलीय.”

मैत्रिणींनो, आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत आता मुली एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांच्या आया मला मंडईत, बँकेत, देवळात गाठून विचारतात, “पुढचं कसं असतं हो?” मी काही डॉक्टर नाही. एका पतसंस्थेत कारकुनी करते. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे खंडच्या खंड तयार झाले, त्या गावात राहूनही ‘रेसिडेन्सी’ म्हणजे काय हे मला दोन वर्षांपूर्वी नीटसं माहीत नव्हतं. मुलगी डॉक्टर झाली, पेढे वाटले, आता दवाखान्याची पाटी लावायची, असंच आमच्या घरात सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात खरी चढण तिथून पुढं असते. पसरणीचा घाट वाईतून दिसतो तेव्हा लहान वाटतो, चढायला लागलं की कळतो, तसं.

तर आधी जे मला कोणी सांगितलं नाही ते सांगते. एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. मग स्पेशालिस्ट व्हायचं तर तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस. ही तीन वर्षं नुसती शिकायची नसतात. मुलगी मोठ्या हॉस्पिटलात ‘रेसिडेंट डॉक्टर’ म्हणून दिवसरात्र काम करते, त्याचं स्टायपेंड मिळतं आणि त्यातूनच शिक्षण होतं. सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता आपला पेशंट जी मुलगी तपासते ना, ती बहुतेक वेळा हीच. या जागा मिळतात ‘नीट पीजी’च्या रँकवर. मुलाखत नाही, ओळखपाळख नाही. दोनशे प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा.

सरकारी कॉलेजातल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्यांचं काउन्सेलिंग दिल्लीची समिती करते. उरलेल्या निम्म्या राज्याकडे, त्या आपल्या सीईटी सेलकडून भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांच्या जागाही दिल्लीच्याच काउन्सेलिंगमधून. म्हणजे दोन दारं, दोन वेबसाइटी, दोन वेळापत्रकं, दोन अनामत रकमा. आणि या सगळ्यात फेऱ्या, पहिली, दुसरी, तिसरी, शेवटी उरल्यासुरल्या जागांची. घरात एका मुलीचं लग्न ठरवताना दोन मांडवांत एकदम धावपळ करावी, तसा प्रकार.

पुढं ढकललेली परीक्षा अखेर ११ ऑगस्टला झाली, तीही दोन सत्रांत. या वेळी तिला सोलापूर मिळालं. दहा तारखेला आम्ही एसटीनं निघालो. गाडीत शेजारच्या बाईंच्या मोबाइलवर बातम्या चालू होत्या. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला असलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. ९ ऑगस्टची ती घटना. ती मुलगी पीजीचीच विद्यार्थिनी होती. छत्तीस तासांच्या ड्युटीत थोडं पडावं म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेली होती.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. आपण आपल्या पोरीला नक्की कुठं पोचवायला निघालोय, असं वाटलं. उद्या परीक्षा आहे, काही बोलायला नको, म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत बसले. लेकीलाही बातमी कळली होती, हे मला नंतर समजलं. मला त्रास नको म्हणून तीही गप्प होती. पंढरपूर मागं पडलं तरी आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत शेजारीशेजारी बसलो होतो.

ऑगस्ट संपता संपता निकाल लागला. रँक चांगली होती, पण फार वरची नव्हती. म्हणजे काहीतरी नक्की मिळेल, पण जे हवं ते मिळेलच असं नाही, अशी. काउन्सेलिंगच्या पहिल्या फेरीला नोव्हेंबर उजाडला. मधल्या दोन महिन्यांत आमच्या घराची धर्मशाळा झाली. येईल तो पाहुणा सल्ला देऊन जाई.

“त्वचेचं घे. इमर्जन्सी नाही, रात्रीची झोपमोड नाही.”

“डोळ्यांचं बरं. बसून काम.”

“बायकांचं घे, मुलीच्या जातीला तेच शोभतं.”

“भूलतज्ज्ञ हो. लग्नानंतर नवऱ्याच्या हॉस्पिटलात उपयोगी पडशील.”

हा शेवटचा सल्ला देणाऱ्या काकांनी नवराही डॉक्टरच मिळणार हे परस्पर ठरवून टाकलं होतं! त्वचा, डोळे, प्रसूती, भूल, सगळ्या शाखा मोलाच्या. भूल देणारा डॉक्टर नसेल तर सर्जनच्या हातातली सुरी तशीच राहील. पण कुणीही तिला विचारलं नाही, की तुला काय हवंय?

तिला सर्जरी हवी होती. जनरल सर्जरी.

खरं सांगते, मलाही ते पटत नव्हतं. सर्जरी म्हणजे तासन्‌तास उभं राहायचं, रात्री-अपरात्री धावायचं. त्या विभागात मुली कमीच. लग्नाचं कसं होणार, मूलबाळ कधी होणार, हे प्रश्न आईच्या पोटात येतातच. मी तिला म्हटलं, “अगं, सोपं काहीतरी घे ना. शिकलीस एवढी ते पुरे नाही का?” ती म्हणाली, “आई, तू आजीची गाठ विसरलीस?”

विसरले नव्हते. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. लेक अकरावीत असताना आत्यांच्या छातीत गाठ निघाली. निघाली म्हणजे आम्हाला तेव्हा कळली. त्यांना स्वतःला ती आठ महिन्यांपूर्वीच लागली होती. अंघोळ करताना. त्या कुणालाच बोलल्या नाहीत. मला नाही, लेकीला नाही. का, तर तपासणारा डॉक्टर पुरुष असेल. शेवटी पदराला डाग दिसायला लागले तेव्हा मी जबरदस्तीनं नेलं. ऑपरेशन झालं, पुढचे सगळे उपचार झाले, देवाच्या कृपेनं आणि डॉक्टरांच्या हातगुणानं आत्या वाचल्या. पण त्या आठ महिन्यांचा हिशोब माझ्या लेकीच्या डोक्यात पक्का बसला. ती तेव्हाच म्हणाली होती, “तिथं बाई सर्जन असती तर आजी पहिल्या आठवड्यात बोलली असती.”

काउन्सेलिंगमध्ये एक महत्त्वाची पायरी असते, पसंतीक्रम भरण्याची. कॉलेज आणि शाखा अशा जोड्यांची यादी करायची, पहिली पसंती, दुसरी, तिसरी. शंभर पर्याय भरले तरी चालतात. मग यादी लॉक करायची. ती एकदा लॉक झाली, की बदल नाही.

ज्या रात्री यादी भरायची होती त्या रात्री आमच्या घरात अक्षरशः सभा भरली. आमच्या ह्यांनी दुकान लवकर बंद केलं होतं. दीर आले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं, सर्जरी वर लिहू नकोस. “नाही मिळाली तर? तुझा नंबर फुकट जाईल. जे मिळण्यासारखं आहे तेच पहिलं लिही.”

इथं माझी कारकुनी उपयोगी पडली. माहितीपुस्तिका मी आधीच दोनदा वाचून काढली होती. म्हटलं, “थांबा. हे असं नसतं.” आणि त्यांना मंडईचं उदाहरण दिलं. समजा, भाजीच्या गाड्यापुढं रांग आहे. रांगेतला नंबर म्हणजे तुमची रँक. तुमची पाळी आली, की तुम्ही म्हणता, गवार आहे का? गवार संपली असेल तर म्हणता, मग भेंडी द्या. भेंडी नसेल तर दोडका. पहिल्यांदा गवार मागितली म्हणून भाजीवाला तुम्हाला रांगेतून हाकलून देत नाही. मागच्या बाईला तुमच्या आधी भेंडी देत नाही. कॉम्प्युटरही तसंच करतो. एका रँकची यादी वरपासून खाली पाहतो, त्यातलं जे पहिलं शिल्लक असेल ते देतो, मग पुढच्या रँककडे जातो. त्यामुळे अवघड वाटणारी गोष्ट पहिल्या ओळीत लिहिली म्हणून काही बुडत नाही. उलट, भीतीपोटी भेंडी आधी लिहिली, तर गवार शिल्लक असूनही भेंडीच पदरात पडते.

परदेशात याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत १९५२ पासून रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ नावाच्या पद्धतीनं भरतात. तिथं मुलं हॉस्पिटलांची यादी देतात, हॉस्पिटलं मुलांची, आणि दोन्ही याद्यांचा मेळ घालतात. मार्चमधल्या एका शुक्रवारी देशभर एकाच दिवशी कळतं, कोण कुठं जाणार. ती पद्धत नव्यानं बसवणारे आल्विन रॉथ आणि अशा जोड्या जुळवण्याचं गणित मांडणारे लॉइड शॅप्ली, या दोघांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि तिथंही मुलांना सांगतात ते एकच, तुम्हाला जे खरंच हवं ते वर लिहा. नोबेलवाल्यांचं आणि वाईच्या मंडईचं इथं एकमत आहे!

माझं म्हणणं ह्यांना पटलं, पण दिरांचा मुद्दा वेगळाच होता. “मिळणार नाही याची भीती नाही वहिनी. मिळाली तर काय करायचं, ही भीती आहे.”

घरात शांतता पसरली. तेवढ्यात देवघराजवळ वाती वळत बसलेल्या आत्या बोलल्या. त्या कधी अशा बोलण्यात पडत नाहीत. म्हणाल्या, “लिव्हू दे तिला. मी आठ महिनं लाजंपायी गप बसली. माझ्यासारख्या आनखी किती असतील गं. त्यांना दावायला बाईमाणूस नको व्हय?”

त्यानंतर कुणी बोललं नाही. पोरीनं पहिल्या ओळीत सर्जरी लिहिली. दुसऱ्या ओळीतही, तिसऱ्या ओळीतही. कॉलेजं वेगवेगळी, शाखा एकच. खूप खाली कुठंतरी भूलशास्त्र, कारण तेही तिला आवडत होतं.

मी शेजारी बसून पाहत होते. आणि एकदम मनात आलं, आपण जन्मभर किती याद्या केल्या. वाण्याची यादी, लग्नातल्या मानपानाची यादी, दिवाळीच्या खरेदीची यादी. त्यातल्या एकीतही पहिल्या ओळीत आपल्याला काय हवंय ते लिहिलं नाही. पहिल्या सोडा, शेवटच्या ओळीतही नाही. आणि वर पोरीलाही आपण तेच शिकवायला निघालो होतो.

पहिल्या फेरीत तिला भूलशास्त्र मिळालं, मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात. तिनं एमबीबीएस तिथंच केलेलं. ओळखीचं गाव, ओळखीचे वॉर्ड, घरापासून तीन-साडेतीन तास. घरात आनंदीआनंद. आता खरी परीक्षा पुढं होती. राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये ‘स्टेटस रिटेन्शन’ नावाचा एक फॉर्म असतो. तो भरला की त्याचा अर्थ, मिळालेल्या जागेवर मी समाधानी आहे, मला पुढच्या फेऱ्यांत धरू नका. तो नाही भरला, तर प्रवेश घेऊनही पुढच्या फेरीत तुमचा विचार होतो. मात्र वरची पसंती मिळाली, की आधीची जागा आपोआप रद्द. परत मागता येत नाही.

फॉर्म टेबलावर. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. “मिरज सोडू नकोस,” मी म्हटलं. हो, मीच. चार दिवसांपूर्वी मंडईचं उदाहरण देणारी मीच. पोरगी साडेतीन तासांवर राहावी, आजारी पडली तर रात्री गाडी करून पोचता यावं, एवढाच माझा स्वार्थ. कोलकात्याची ती बातमी माझ्या मनातून गेली नव्हती.

ती म्हणाली, “आई, पुढच्या यादीत मी फक्त सर्जरीच लिहिणार. सर्जरी मिळाली तरच मिरज जाईल. नाही मिळाली तर मिरज आहेच. यात माझं काहीच बुडत नाही. बुडतंय ते फक्त तुझं, जवळ असण्याचं.” बरोबर होतं तिचं. तिनं फॉर्म भरला नाही.

दुसऱ्या फेरीचा निकाल लागला. जनरल सर्जरी. अंबाजोगाई. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आमच्या ह्यांनी आधी नकाशा काढून अंतर बघितलं. मग उठून आत गेले आणि देवापुढं साखर ठेवून आले.

मिरजेहून कागद सोडवून तीन दिवसांत तिकडं हजर व्हायचं होतं. आम्ही दोघी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालो. पहाटे पोचलो. आधी योगेश्वरीचं दर्शन घेतलं, ओटी भरली, मग कॉलेजात गेलो. प्रवेशाचे सोपस्कार झाल्यावर तिथल्या एका सीनियर मुलीला मी गाठलं. लेक डोळे मोठे करत होती, पण मी विचारलंच, “बाळा, रात्री ड्युटीला तुम्ही झोपता कुठं? दाराला आतून कडी आहे का?”

ती मुलगी हसली नाही. मला घेऊन गेली, खोली दाखवली, कडी लावून दाखवली. म्हणाली, “काकू, माझ्या आईनंही हेच विचारलं होतं.”

कोलकात्याच्या घटनेनंतर देशभर डॉक्टर रस्त्यावर आले. २० ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. जानेवारी २०२५ मध्ये आरोपीला जन्मठेप झाली. हे सगळं झालं ते झालंच. पण आपली मुलगी जिथं जाणार तिथली कडी आपण स्वतः बघून यावी, असं माझं मत आहे. त्यात लाज कसली? रेसिडेंटला आठवड्याची सुट्टी, वर्षाला वीस दिवसांची किरकोळ रजा, कामाचे तास वाजवी असावेत, हे वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत लिहिलेलं आहे. कामाच्या रेट्यात सगळं मिळतंच असं नाही, पण नियम आहे हे मुलीला आणि तिच्या घरच्यांना माहीत हवं. आणि ‘सहन कर, सगळेच करतात’ हे वाक्य आईनं फोनवर म्हणू नये. पोरगी रात्री रडत फोन करते तेव्हा ती आधीच सहन करत असते.

येताना गाडीत मला आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती पदवीपाशी संपते. ११ मार्च १८८६, फिलाडेल्फिया, एम.डी. पण त्यानंतर त्या बॉस्टनला, बायका-मुलांच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम शिकायला गेल्या होत्या, हे मला मोठेपणी समजलं. आजच्या भाषेत त्यांची रेसिडेन्सीच ती. तब्येतीनं साथ दिली नाही आणि ती अर्धी राहिली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तिथं रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. वाईहून कोल्हापूर किती लांब आहे? आपल्याच भागातल्या बायका त्यांच्या वाटेकडं डोळे लावून बसल्या असतील. बाई डॉक्टरची वाट बघणं इतकं जुनं आहे. आमच्या आत्या त्याच रांगेतल्या.

आता थोडं कामाचं, ज्यांच्या घरी ही धावपळ सुरू होणार आहे त्यांच्यासाठी. पहिलं म्हणजे फाइल. दहावीची गुणपत्रिका, एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, पदवी, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर. मूळ प्रती एकीकडे, झेरॉक्सचे तीन संच दुसरीकडे, सगळं स्कॅन करून मोबाइलमध्येही. पहिल्या कॉलेजात मूळ कागद जमा होतात, मग दुसऱ्याच कामाला हेच कागद लागतात. तेव्हा प्रती हाताशी हव्यात.

दुसरं, माझी स्वतःची चूक सांगते. आमचं नॉन क्रिमीलेअर काढलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त. पण अखिल भारतीय कोट्याला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. हे मला अर्ज भरायला बसल्यावर कळलं. मग प्रांत कार्यालयाच्या चकरा, सेतूतली रांग, रजा. दाखला अगदी शेवटच्या दिवशी हातात पडला. तुम्ही हे आधीच करून ठेवा. आणि दाखल्यावरची मुदतीची तारीख बघा. ३१ मार्चला संपणारा दाखला एप्रिलमध्ये कागदाचा तुकडा असतो.

तिसरं, पैसे. अखिल भारतीय कोट्याला खुल्या गटासाठी पंचवीस हजार आणि राखीव गटांसाठी दहा हजार अनामत भरावी लागते, अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख. आमच्या वेळी हे आकडे होते, तुमच्या वर्षीची पुस्तिका वाचूनच भरा. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर नुकसान नाही, पण पुढच्या फेऱ्यांत नाकारली तर अनामत जप्त होते, आणि अगदी शेवटच्या फेरीतली नाकारली तर पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाही बसू देत नाहीत. म्हणून जिथं मुलगी जाणारच नाही ते यादीत लिहूच नका. ‘भरून ठेवू, काय जातंय’ म्हणू नका. जातं.

चौथं, बंधपत्र. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांना शिक्षणानंतर एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, न केल्यास एमबीबीएसला दहा लाख आणि पदव्युत्तरला पन्नास लाख दंड. याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा सही करण्याआधी घरातल्या एकानं तरी तो कागद पूर्ण वाचावा.

आणि शेवटचं. एजंट नावाची जमात आहे. ‘सीट करून देतो’ म्हणून फोन येतात. माझ्यासारख्या पतसंस्थेतल्या बाईलाही आले, म्हणजे बघा. सीट रँकवर मिळते. असा फोन आला की ठेवून द्या.

परीक्षेच्या तारखांचं म्हणाल, तर मन घट्ट ठेवा. २०२५ मध्येही १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली, कारण दोन सत्रांत नको, एकाच सत्रात घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. आमच्या वेळी दोन सत्रांतल्या गुणांची तुलना करताना मुलांनी जो जीव टांगणीला लावला, तो पुढच्या मुलांच्या वाट्याला आला नाही, हे चांगलंच झालं.

लेक आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष कसं गेलं ते तिलाच माहीत. चार-चार दिवस फोन नाही, मग एकदम पहाटे मेसेज, ‘जेवले. झोपते.’ मध्ये घरी आली तेव्हा सोफ्यावर बसल्याबसल्या झोपली, हातात चहाचा कप तसाच. वजन कमी झालंय. केस कापलेत. दोनदा म्हणाली, “आई, सोडून देते.” मी तिला ‘सहन कर’ म्हटलं नाही, ‘सोड’ही म्हटलं नाही. म्हटलं, “आधी झोप. मग ठरव.” झोपून उठली आणि परत गेली.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला, दुपारी, अवेळी. मी घाबरले. तर म्हणाली, “आजीला दे.” आत्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर लावला.

“आजी, आज ओपीडीला एक बाई आल्या होत्या. तुझ्याएवढ्या. गाठ घेऊन. मी विचारलं, कधी लागली? तर म्हणाल्या, परवा.”

आत्यांना आधी कळेना. “परवा? मंग?”

“अगं परवा लागली आणि आज आल्या. गावातल्या आशाताईंनी सांगितलं म्हणे, तिथं आता बाई डॉक्टर बसते.”

आत्या काही बोलल्या नाहीत. फोन माझ्याकडं दिला, पदरानं चष्मा पुसला आणि परत वाती वळायला लागल्या. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, “तिला म्हणावं, जेवत जा येळंवर.”

मी परवाच दिवाळीच्या खरेदीची यादी करायला बसले होते. पहिल्या ओळीवर पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं, ‘मला, चालायला जायचे बूट.’ रोज सकाळी घाटावर जायचं किती वर्षं मनात होतं. नंतर रवा, मैदा, पिठीसाखर वगैरे नेहमीचं लिहिलं. ह्यांनी यादी वाचली, काही बोलले नाहीत, संध्याकाळी दुकानातून येताना विचारलं, “नंबर किती गं तुझ्या पायाचा?”

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्यांदाच विचारलं. चूक त्यांची एकट्याची नाही. मी कधी लिहिलंच नव्हतं.